दातांच्या डॉक्टरांची होडी

९ फेब्रुवारी

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. गुडघा आता वळतो हे वाचून जीव भांड्यात पडला. उत्तराला उशीर झाला त्याला कारण तुमचे बंधुराज. त्यांनी होडी घेतली आहे. नीट वाचलंत, होडीच. दोन माणसांनी आत बसावं आणि तिसऱ्यानं काठावरून शहाणपण शिकवावं एवढीशी, लाकडी, शिडाची. आणि वापरलेली, म्हणजे चांगलीच वापरलेली.

नकाशे काढण्याची नोकरी यांनी मुदतीआधी सोडली, तेव्हाच मला धास्ती होती की आता दिवसभर माझ्या पायांत पायांत करतील. झालंही तसंच. माझ्या पडद्यांच्या दुकानात येऊन बसायचे आणि शिवणाऱ्या मुलींना घडी अशी नको, तशी घाला म्हणून सांगायचे. जन्मभर कागदावर सरळ रेघा ओढलेला माणूस, त्याला वाकडी शिवण कशी सोसावी? शेवटी मीच म्हटलं, काहीतरी छंद लावून घ्या. मला वाटलं चार कुंड्या आणतील. हे गेले थेट तलावावर.

होडी एका दातांच्या डॉक्टरांची. त्यांची पाठ धरते म्हणून विकायला काढलेली. ते बिचारे सांगत होते की शीड फाटलंय, बुडाला ओल आहे, नीट विचार करून घ्या. आपलाच माल वाईट म्हणणारा विकणारा मी पहिल्यांदा पाहिला. यांनी मात्र ऐकल्यासारखं केलं, होडीभोवती एक फेरी मारली, डोळे मिटून तिच्या अंगावरून हात फिरवला आणि घेतो म्हणाले. आमचं लग्न ठरतानाही एवढ्या लवकर हो म्हणाले नव्हते.

सध्या ती तलावाकाठी क्लबच्या शेडमध्ये उपडी पडलेली आहे. मी तिला म्हातारी म्हणते. तुम्ही तरी भावाला चार शब्द सुनवा. माझं सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि पॉलिशपेपर आणायला जातात.

तुमची माया आहे तशी असू द्या, आणि थोडी अक्कल यांच्यासाठी टपालानं पाठवा.

तुमची,
वहिनी


२० फेब्रुवारी

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी शिक्षकांच्या खोलीत उघडलं ही चूक झाली. इतकी हसले की शेजारच्या गणिताच्या बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. पुढच्या तासाला सातवीला नद्या शिकवायच्या होत्या, तिथेही मध्येच हसू फुटलं. अहो, हाच दादा लहानपणी पोहायला शिकवणाऱ्याच्या पाठीला पालीसारखा चिकटून बसायचा. त्याला सोडवायला दोन माणसं लागायची.

चार शब्द सुनवा म्हणता, पण खरं सांगू, मला बरं वाटलं. नोकरी सोडल्यापासून त्याची पत्रं फार तोकडी झाली होती. सगळं ठीक आहे, एवढं लिहून खाली सही. मला भीती वाटायला लागली होती की हाही बाबांसारखा खुर्ची धरून बसतो की काय. तुमचं लग्न व्हायच्या आधीच बाबा गेले, त्यामुळे तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. शेवटची काही वर्षं ते एका खोलीत, एका खुर्चीत बसून असत. बोलणं जवळजवळ नाहीच. स्वभाव अतिशय रागीट. त्यापेक्षा होडी परवडली.

एकच सांगणं. तरंगायची जाकिटं घातल्याशिवाय दोघांनीही पाण्यात जायचं नाही. म्हातारीची प्रगती सविस्तर कळवा. मी इथे एकटी, मला दुसऱ्यांच्या घरातल्या भानगडींशिवाय करमणूक नाही.

दादाला नमस्कार सांगा. तुमच्या पत्राची वाट पाहणारी,

वन्सं


१७ मार्च

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

म्हातारी पाण्यात उतरली! पण पहिल्यापासून सांगते.

बुडाची एक फळी इतकी कुजलेली की माझं बोट आत गेलं. डॉक्टरांनी तिथे कधीतरी काहीबाही भरून ठेवलं होतं, ते निघून आलं. मी म्हटलं, दातांच्या डॉक्टरांकडून घ्यायची आणि वर कीड निघाली म्हणून रडायचं, हे बरं नाही. फळी सुताराकडून बदलून घेतली. बाकीचं घासणं, भेगा बुजवणं, वॉर्निश, सगळं यांनी केलं. मी डोळ्यांनी बघून गुळगुळीत झालं म्हणायचे, हे तळहात फिरवून म्हणायचे, अजून नाही. आणि दर वेळी त्यांचंच खरं निघायचं. शीड मी दुरुस्त केलं. शेवटी तो एक पडदाच, फक्त वाऱ्यासाठी लावायचा. दुकानातल्या मोठ्या मशीनवर दुहेरी शिवण घातली. मुली विचारत होत्या की एवढी मोठी खिडकी कुणाची.

रंग देताना एक घोटाळा झाला. डबा यांच्या डाव्या पायाशी होता. हे मागे सरकले आणि त्याला लाथ बसली. निळा रंग सगळ्या फरशीवर. मी ओरडणारच होते, पण हे इतके गप्प उभे राहिले की मीच फडकं घेऊन खाली बसले. नंतर एकदा पाण्याची बादली गेली, एकदा माझा चहाचा कप. धांदरटपणा पूर्वी नव्हता हो यांच्यात.

पाण्यात सोडली तर आत भराभर पाणी. क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, लाकूड कोरडं झालंय, पोटभर पाणी पिऊ द्या, फुगलं की फटी मिटतील. तशा मिटल्या. आता सेक्रेटरीच आम्हाला शिकवतात. गंमत म्हणजे हे शिडाची दोरी घेऊन बसतात आणि सुकाणू माझ्या हातात देतात. होडी तुमची, मी कशाला, असं विचारलं तर म्हणाले, शिकून ठेव. धक्क्यावर चालताना मी यांच्या डाव्या हाताला हवी, हा एक नवा नियम.

गेल्या रविवारी मात्र सुकाणू यांच्याकडे होतं. डावीकडे एक पांढरी नाव नांगरलेली, चांगली दांडगी. हे सरळ तिच्यावर गेले. मी किंचाळले म्हणून धक्का हलका बसला. थोडा रंग उडाला, त्या मालकांनीही मनावर घेतलं नाही. हे म्हणाले, डोळ्यांवर ऊन आलं. वन्सं, त्या दिवशी आभाळ पूर्ण भरलेलं होतं.

तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणानं लिहा. तुमच्या आपुलकीवर विसंबून असलेली,

वहिनी


२३ मार्च

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि पुढचा तास दुसऱ्या बाईंना देऊन घरी आले. जे लिहिते आहे ते शांतपणे वाचा.

बाबा शेवटी आंधळे झाले होते. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, आमच्या घरात तो विषय निघत नसे. काचबिंदू होता. तेव्हा डॉक्टरांनी आईला समजावलं होतं की यात नजर कडेकडेनं जाते. समोरचं बराच काळ स्वच्छ दिसतं, त्यामुळे माणसाच्या ध्यानात येत नाही आणि घरच्यांच्या तर नाहीच नाही.

मी गेल्या पत्रात बाबांना रागीट म्हटलं. का म्हटलं, ते आज दुपारभर आठवत बसले. ते वस्तू लाथाडायचे. दाराशी ठेवलेली घागर, माझं दप्तर, दादाची सायकल. आम्ही दोघं घाबरून कोपऱ्यात उभे राहायचो. डोळे गेल्याचं पुढे कळलं, पण त्या लाथा आणि ते डोळे यांची सांगड मी कधी घातलीच नाही. तुमच्या फरशीवरचा निळा रंग वाचेपर्यंत नाही. वहिनी, ते रागावलेले नव्हते. त्यांना घागर दिसलीच नव्हती.

मला वाटतं, दादाला स्वतःचं माहीत आहे. त्यानं नोकरी कंटाळून सोडली नसावी. त्याला विचारा. गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं राखता येतं म्हणतात. विचारताना रागावू नका. म्हणजे रागवा, पण मागाहून.

तुम्हा दोघांत जीव अडकलेली,

वन्सं


४ एप्रिल

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

विचारलं. घरात अडचणीचा प्रश्न निघाला की हे उठून दुसऱ्या खोलीत जातात, ते मला चांगलं माहीत आहे. म्हणून तलावाच्या मध्यावर विचारलं. होडीला दुसरी खोली नसते.

वारा पडला होता. शीड नुसतं लोंबत होतं. मी म्हटलं, "डावीकडचं किती दिसतं?"

आधी त्यांनी दोरी उगीचच सोडली आणि पुन्हा गुंडाळली. मग सांगितलं. डाव्या डोळ्यानं जवळजवळ नाहीच. उजव्याचीही कड गेली आहे. ऑफिसच्या तपासणीत निघालं होतं. नकाशाच्या कडेची गावं त्यांच्या हातून सुटायला लागली, आणि कुणी बोट दाखवायच्या आत ते उठून आले. औषधाचे थेंब आहेत, ते हत्यारांच्या पेटीत लपवलेले. रोज संध्याकाळी म्हातारीला बघून येतो म्हणत जायचे, ते थेंब घालायला.

होडी कशासाठी, तेही सांगितलं. बाबा त्या खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत, म्हणाले. डोळे आहेत तोवर हातांना आणि कानांना कळेल असं काहीतरी शिकून घ्यायचं होतं. वारा मानेवर कुठे लागतो, दोरी किती ओढते, बुडाखाली पाणी कसं वाजतं, यावरून होडी कुठे चालली ते कळतं म्हणे. आणि सुकाणू मला शिकवत होते, कारण पुढे ते मलाच धरावं लागणार.

मला राग आला तो इथे. लपवलं याचा आलाच, पण माझे डोळे गृहीत धरले आणि मला विचारलंसुद्धा नाही, याचा फार आला. मी म्हटलं, "आधी सांगितलं असतंत, तर मी जास्त लक्ष देऊन शिकले असते."

हे हसायला लागले, आणि हसता हसता रडले. मी तोंड फिरवून पाण्याकडे बघत बसले, कारण मलाही आवरेना. वारा काही आला नाही. शेवटी वल्ही मारत परत आलो, आणि निम्म्या वाटेत भांडलोही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मागाहून रागावले.

घरी आल्यावर तुमचं पत्र वाचून दाखवलं. घागरीचं वाचून झालं. म्हणाले, तेवढं पुन्हा वाच.

आता त्यांचा निरोप, आणि माझाही. हे रक्ताच्या नात्यात उतरतं. तुम्ही ताबडतोब डोळे तपासून घ्या. परीक्षा, पेपर, मुलं, काही सबब नको. आमच्यावरचा लोभ एवढ्या एका गोष्टीतून दाखवा.

तुमची,
वहिनी


१५ एप्रिल

ती. सौ. वहिनींस आणि दादास,
सा. न. वि. वि.

जाऊन आले. एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवतात आणि ठिपका लुकलुकला की बटण दाबायचं. मला वाटलं, आपण पहिल्या नंबरानं पास. मग डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवला, तर डाव्या डोळ्याच्या एका कडेला करडा डाग. तिथे ठिपके लुकलुकून गेले आणि मला पत्ताच नाही.

सुरुवात आहे, म्हणाल्या. फारच वेळेवर आलात, एरवी लोक पायऱ्या चुकायला लागल्यावर येतात. त्रास काय होत होता म्हणून विचारलं, तर मी सांगितलं की मला काहीच नाही, माझ्या भावानं रंगाचा डबा लाथाडला. त्यांनी बहुधा मला दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवायचा विचार केला असेल.

इथे विनोद करते आहे, पण भीती वाटते. थेंब जन्मभर घालायचे. घरात दुसरं कुणी नाही. हात कापतो आणि निम्मं औषध गालावर जातं. काल तिसऱ्यांदा चुकल्यावर बाटली ठेवून नुसती बसून राहिले.

तुम्ही सांगितलं नसतं तर मी गेले नसते, हे मनात धरून आहे. धीराचे दोन शब्द पाठवा.

तुमची,
वन्सं


२२ एप्रिल

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र यांनी स्वतः वाचलं, मग मला दिलं. बराच वेळ येरझारा घातल्या. लवकर सापडलं, लवकर सापडलं, असं मलाच तीनतीनदा सांगत होते, जणू मी नाही म्हणत होते.

आम्ही दोघं डॉक्टरांकडे जाऊन आलो. इतके दिवस हे एकटे जायचे आणि काही न विचारता परत यायचे. मी सगळं विचारलं. थेंब चालू ठेवायचे, वेळ चुकवायची नाही, उजवा डोळा सांभाळता येईल असं त्यांना वाटतं. गाडी चालवणं बंद. घरी आल्यावर यांनी किल्ली माझ्या टेबलावर, कात्रीशेजारी आणून ठेवली. होडी बंद करा असं डॉक्टर म्हणाले नाहीत. बरोबर बघणारं माणूस हवं, एवढंच.

रविवारी क्लबात गर्दी होती. धक्का अरुंद, दोन्ही बाजूंना दोर आणि सामान पडलेलं. आजवर हे मला शेजारी ठेवून, पण हात न लावता चालायचे. त्या दिवशी मध्यावर थांबले. सेक्रेटरी होते, ते पांढऱ्या नावेचे मालक होते, आणखीही मंडळी होती. सगळ्यांसमोर यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मला डावीकडचं दिसत नाही. हिच्या खांद्यानं चालतो."

पांढऱ्या नावेच्या मालकांनी वाकून वाटेतला दोर उचलून घेतला. आम्ही पुढे गेलो.

शाळेला सुट्टी लागली की तुम्ही इकडे या. वाद नको. खोली झाडून ठेवते. खाली तुमच्या भावाला दोन ओळी लिहायच्या आहेत, मला बघू देत नाहीत. या म्हणजे झालं, बाकी लोभाचं समोरासमोर बघू.

तुमची,
वहिनी

ता. क. छोटे, बसून घालू नकोस, आडवी पड. खालची पापणी एका बोटानं ओढ. बाटलीचा हात कपाळावर टेकव, म्हणजे कापत नाही. थेंब पडला की डोळा मीट आणि नाकाजवळचा कोपरा थोडा वेळ दाबून धर, नाहीतर औषध घशात उतरतं आणि कडू लागतं. मला हे कुणाला विचारता आलं नाही. तू मला विचारत जा. दादा