उजव्या नाकपुडीतली नथ

मंगळवार, संध्याकाळ

लाज गेली आज. लेले काका-काकू त्यांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा फोटो न्यायला स्टुडिओत आले होते. फोटो काढताना मी काकूंना चुकून काकांच्या उजवीकडे बसवलं होतं. बायको डावीकडे बसते, हे ते गेल्यावर आठवलं. पुन्हा कुठे बोलवा? म्हणून कॉम्प्युटरवर फोटो आरशासारखा उलटवला. काकू डावीकडे! स्वतःवरच खूश झालो होतो.

काकूंनी चष्मा लावला. “फोटो छान आलाय. पण आमच्या ह्यांच्या शेजारी ही बाई कोण?”

नथ! नथ उजव्या नाकपुडीत. पदर उजव्या खांद्यावर. काकांची भिकबाळीसुद्धा डाव्या कानात. माझ्या कानांना पाच भोकं, भुवईत कडी, आणि त्या दिवशी तासभर ह्याच काकूंसमोर मी टोचण्याबद्दल ज्ञान पाजळलं होतं. मला नथ दिसू नये?

रविवारी कार्यक्रम आहे, त्यामुळे गुरुवारी दोघं पुन्हा बसणार आहेत.

जाताना काकूंनी विचारलं, “तुमची ती कडी कुठल्या भुवईत हो?”

“उजव्या,” मी म्हणालो. पण आधी हात लावून पाहिला, आणि ते काकूंनी पाहिलं.