आप्पांचं बोट

मंगळवार संध्याकाळ, देवळाली प्रवरा

आज आप्पांवर उगाच चिडले. माझ्या सासऱ्यांचा जन्म साखर कारखान्यात फिटरकीत गेला, आणि आता दोन वर्षं कानाला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. तरी सकाळपासून एकच धोशा, "सूनबाई, रेकॉर्ड प्लेअर खरखर करतोय." मी पाटीवर लिहिलं, 'तुम्हाला कसं कळलं?' तर म्हणाले, "बोटाला कळतं की."

शेवटी दोघं बसलो. प्लेअरची फिरती थाळी उचलली, बेरिंगमधलं काळं झालेलं तेल चिंधीनं पुसून काढलं. तळातला बारका छर्रा त्यांनी स्वतःच पुसून परत सोडला. नवं तेल माझ्या शिलाई मशीनचं. "दोनच थेंब. लई झालं तर वर येतंय, मग पट्टा घसरतोय." माझ्या हातून तिसरा पडलाच. तो त्यांनी टिपून घेतला, रागावले नाहीत. सकाळी मी मात्र...

थाळी फिरायला लागली. आप्पांनी कडेच्या लाकडावर बोट टेकवलं. जरा वेळानं दुसरा हात मांडीवर ठेका धरायला लागला. बरं वाटलं, बोटातून तरी गाणं पोचतंय. मग लक्षात आलं, रेकॉर्ड लावलीच नव्हती मी. थाळी नुसतीच फिरत होती.

लाज वाटली. घाईनं सासूबाईंच्या आवडीची रेकॉर्ड काढली, तर आप्पांनी माझा हात धरला.

"राहू दे. माझं चालू हाय."

बोट तसंच लाकडावर. कोणतं गाणं, ते विचारायला पाटी उचलली, आणि परत ठेवली.