टक्क्यांच्या नादात सोडलेलं गणित

चि. धाकटीस, ताईचा आशीर्वाद आणि माफीसुद्धा.

मी मजेत आहे. खोकला आता नावापुरताच. इथल्या विद्यापीठात प्रवेशाचे अर्ज लावून ठेवायचं काम करते. काल प्रवेश ठरवणाऱ्या आमच्या बाईंनी पंच्याण्णव टक्केवाला अर्ज बाजूला सारला. म्हणाल्या, "हिच्या शाळेत वरच्या पातळीचं गणित होतं, हिनं घेतलंच नाही." मग अठ्ठ्याहत्तरवालीचा उचलला, तिनं शाळेतले सगळे अवघड विषय घेतले होते.

मला तूच आठवलीस. टक्के वाढावेत म्हणून तुला गणित सोडायला लावणारी शहाणी मीच!

पत्र मिळताच मुख्याध्यापकांना भेट, विषय बदलून घे. बाबा ओरडले तर माझं नाव सांग. आईचा गुडघा कसा आहे?

मार्क कमी पडले तर पडू देत. दर रविवारी फोनवर दोघी मिळून गणितं सोडवू. मीही शाळेत असताना गणित भिऊनच सोडलं होतं.

तुझीच,
ताई