औषध पायापर्यंत पोचताना

अप्पा, तुमच्या पायातल्या रक्तवाहिन्या मी पाहिल्या आहेत. कोणत्या लेकीला बापाचं असं दर्शन घडतं? इतकी वर्षं झाली, रोज तेच काम करते, तरी तो दिवस आठवला की अंगावर काटा येतो.

तुम्ही पाटकरी, कालव्याचं पाणी शेताशेतात पोचवणारे. वाणगावकडच्या कालव्याला पाणी सुटलं की सायकल हातात धरून पाण्याच्या तोंडाबरोबर चालत जायचात, कधी त्याच्या पुढे नाही. एकदा सुट्टीत मी सोबत आले होते. मला कुठला दम! धावत शेवटच्या शेतावर गेले आणि तिथल्या मिरचीवाल्या काकांना सांगून टाकलं, "तुमच्याकडे पाणी येणार नाही." ते कपाळाला हात लावून बांधावर बसले. तुम्ही मागून आलात आणि त्यांच्यादेखत मला झापलंत. "आलं नाही वेगळं आणि येणार नाही वेगळं. स्वतः पाण्याच्या आधी पोचायचं आणि वर पाण्याच्याच नावानं बोंबलायचं?" पुढे दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नव्हते.

मग साखरेनं तुमच्या पायाचा अंगठा काळा पडला. डहाणूला मी सीटी स्कॅन करते, तिथेच तुम्हाला आणलं. सर्जन म्हणाले होते, पावलात रक्त उतरत असेल तर अंगठ्यावर निभावेल, नाहीतर पाय गुडघ्याखालून काढावा लागेल. तुमच्या कोपरापाशी मी जाड सुई लावते. आधी नुसतं सलाइन सोडून शीर फुगत नाही ना, ते बोटानं चाचपते. मग रक्तवाहिन्या फोटोत उजळवणारं औषध पंपातून जाणार आणि त्याला पुढे ढकलायला पुन्हा सलाइन, हे समजावून सांगते. "म्हणजे मागून रेटा?" तुम्ही विचारता. मी हो म्हणते. "मग बरोबर," म्हणून तुम्ही मान डोलावता, जशी काही माझीच परीक्षा चालली आहे.

काचेआड बसून मी पाहत होते. पडद्यावर पोटातली मोठी धमनी पांढरीशुभ्र उजळली आणि तुम्हाला घेऊन टेबल मशीनमधून सरकू लागलं. मांड्या भरल्या. गुडघ्याखाली मात्र काळोख, एक रेघ नाही. मागे उभे असलेले सर्जन हळूच म्हणाले, "खाली काहीच नाहीये."  आणि नेमकं तेव्हा मला तुमचं ते झापणं ऐकू आलं. "सर, थांबा. टेबल औषधाच्या पुढे पळालंय," म्हटलं आणि गुडघ्यापासून खाली लगेच दुसरा फेरा घेतला.

आलं, अप्पा! एकच वाहिनी, सुतळीहून बारीक, दोन ठिकाणी अडखळलेली, पण घोट्याला वळसा घालून पावलात उतरलेली. सत्तर वर्षं कोणी पहाऱ्याला नसताना तुमचं हृदय त्या टोकापर्यंत पोचवतच होतं. मी खुर्चीतल्या खुर्चीत हात जोडले. कोणाला जोडले, ते अजून सांगता येत नाही.

अंगठा गेला, पाय राहिला. त्याच पायानं चैत्रात तुम्ही विवळवेढ्याच्या जत्रेलाही जाऊन आलात. दोनदा फोटो का काढला, असं तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हटलं, "मशीननं घोळ केला." "मशीनला कुठं पाणी कळतंय," म्हणून तुम्ही खूश होऊन हसलात, आणि पुढे येईल त्याला ते सांगत सुटलात.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. मशीनचं काही चुकलं नव्हतं. थकलेल्या हृदयाच्या माणसाचं रक्त सावकाश चालतं, त्याचं टेबल हळू सरकवायचं, हे मी नव्या मुलींना पहिल्याच आठवड्यात शिकवते. त्या दिवशी टेबलाचा वेग मशीनमध्ये मीच भरला होता, धडधाकट माणसाचा. तुम्ही म्हातारे झालात, एवढंच माझ्या हातून भरलं गेलं नाही.