एमॉसच्या बंदुकीचं वॉशर

ईनॉक,

आपल्या आयडाचं लग्न झालं त्या वर्षी तू एमॉसच्या छर्ऱ्याच्या बंदुकीत चामड्याचं वॉशर घातलं होतंस. तुमचं भांडण झाल्यावर तो ती तुझ्याकडे आणेना. नव्या धर्तीच्या बंदुकांचं प्लॅस्टिकचं वॉशर त्याने स्वतःच आत ठोकलं. मी आज उघडली, तर त्याचे तुकडे निघाले. स्प्रिंगही मोडली आहे.

मी वेन्सबरीला भंगारवाल्याकडे जातोय. तो जुन्या बंदुका खोलून सुटे भाग ठेवतो, स्प्रिंग मिळेल. चामड्याचं वॉशर मात्र आता कुणी विकत नाही. ते तुलाच कापावं लागेल. माझा पट्टा टेबलावर ठेवलाय, जाड आहे, खुशाल काप. मग कोमट चरबीत भिजव. शेगडीवर वाटाणे आहेत, आधी जेव.

बंदूक एमॉसची फिलिस घेऊन आली होती. म्हणाली, "सायलस, तुझ्या भावाला सांग, तो एक हट्टी खेचर आणि माझा नवरा दुसरा. पण माझ्याशी तर त्याचं वैर नव्हतं ना? मग पहिला छर्रा त्यानेच मारायचा."

मी हो म्हणून बसलोय. संध्याकाळी पबमध्ये सगळे तुझी वाट बघतील. आपल्यातला कुणी गेला की त्याच्या बंदुकीने निशाणामागची घंटा वाजल्याशिवाय आपल्याकडे नेमबाजीचा सामना सुरू होत नाही, हे तुला माहीत आहे. नाही म्हणू नकोस.

तू समुद्रावर होतास, कळवता आलं नाही. एमॉस मंगळवारी दुपारी वारला.