अडीच इंचांचे अंतर

बऱ्हाणपूर,
ता. १२ नोव्हेंबर १९११

चि. अनंत यास चुडामणचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सारे क्षेम. पत्र पोचले. डोळे दोन, चित्रे दोन, तरी वस्तू एकच का दिसते आणि ती किती लांब आहे हे कशावरून कळते, याचे गणित तू विलायतेत मांडतो आहेस, हे वाचून धन्य वाटले. दापोऱ्याहून दूध आणणाऱ्या भागाबाईला सांगितले, तर तिने विचारले की एवढ्यासाठी समुद्र कशाला ओलांडावा, तिची म्हैस हे गोठ्यात बसून करते. आमच्या शास्त्रीमंडळींनी तर कावळ्याला बुबुळ एकच, ते तो लागेल तसे या खोबणीतून त्या खोबणीत नेतो, असे सांगून प्रश्न केव्हाच मिटवला आहे. तुझ्या प्रोफेसरांना कळव. बिचाऱ्यांची मेहनत वाचेल.

तू सांगितलेला प्रयोग केला. तुझ्या वहिनीने गोधडीची सुई हातभर अंतरावर आडवी धरली आणि मी बाजूने दोरा ओवत गेलो. दोन्ही डोळे उघडे ठेवून दहात तीनदा जमले. डावा मिटून दहात तीनदा. उजवा मिटायच्या पाळीला कढी उतू गेली, म्हणून तेवढे राहिले. वहिनी हसली नाही. तिला शास्त्राची गोडी नाही.

बाकी नवल विशेष नाही. संध्येच्या वेळी पळीतले पाणी तळहातावर पडायचे सोडून धोतरावर पडते. पळी जुनी झाली. राजघाटाची शेवटची पायरीही कोणी तरी खाली सरकवली आहे.

अंगणाचे फोटो तुला हवे तसे काढवतो: एक काढायचा, मग कॅमेरा अडीच इंच सरकवून दुसरा. हे ऐकून फोटोवाल्याने माझ्याकडे दयेने पाहिले.

लोभ तिकडच्या थंडीत गोठू देऊ नये, हा आशीर्वाद.

तुझा दादा


एडिंबरा,
ता. ५ डिसेंबर १९११

ती. स्व. दादा यांस अनंताचे कृ. सा. न. वि. वि.

भागाबाईंना सांगावे की म्हशीचे डोळे दोन बाजूंना असतात, त्यामुळे दोन्हींनी मिळून तिला फार थोडे दिसते. बाकीचे पत्र हसत लिहिता येत नाही.

मी लहान असताना राजघाटावर दोन काठ्या रोवून, दोन्हींपासून जैनाबादकाठच्या एकाच चिंचेवर नजर लावून, नदी न ओलांडता तापीची रुंदी तुम्हीच मला काढून दाखवली होती. माझे सारे गणित तेवढेच आहे. दोन डोळ्यांमधले अडीच इंच हा पाया; दोन नजरा वस्तूपाशी मिळतात तिथे कोन. वस्तू लांब गेली की कोन बारीक होतो आणि त्यावरून अंतर निघते. एक काठी उपटली तर त्रिकोणच राहत नाही.

इथे चाळीस जणांचे आकडे घेतले. एक डोळा मिटला की दहात तीन-चार. दोन्ही उघडे असले की नऊ. तुमचे दोन्ही वेळा तीन. म्हणजे डावा उघडा असूनही मिटलेलाच आहे. आणि नेमका उजवा मिटायच्या वेळी आपल्याकडे कढी उतू गेली.

दादा, हे केव्हा झाले? वडिलांमागे तुम्ही मला वाढवले, आणि मी इथे परक्यांचे डोळे मोजत बसलो आहे. बोटीच्या कचेरीत विचारून आलो. जानेवारीअखेरची जागा मिळते. परीक्षा जूनमध्ये आहे. ती राहिली तर राहिली. इथे धुके पडले की समोरचे घर कागदावर काढल्यासारखे सपाट होते, आणि मला आपले अंगण आठवते.

वहिनींना नमस्कार. या खेपेला खरे लिहावे, एवढाच लोभ.

आपला अनंत


बऱ्हाणपूर,
ता. २८ डिसेंबर १९११

चि. अनंत यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पकडलास. दोन्ही डोळ्यांच्या रकान्यात नऊ लिहिले असते तर तू फसला असतास. पण मुलांचे आकडे तपासण्यात केस पिकले, खोटा आकडा लिहायला हात वळेना. म्हणून उजवा मिटल्यावरच्या शून्यावर कढी सांडली. वहिनीचे म्हणणे, निदान तिच्या कढीला तरी यात ओढायचे नव्हते.

श्रावणात झाले. काचबिंदू. खंडव्याचे डॉक्टर म्हणाले की गेला तो येणार नाही, उजवा शाबूत आहे, त्यात रोज थेंब घाला. तू आलास तरी डॉक्टरांचे म्हणणे बदलणार नाही. तुझी परीक्षा मात्र बुडेल. म्हणून लिहिले नाही. हे कारण मला अजूनही पुरेसे वाटते, वहिनीला वाटत नाही.

आणि काठी उपटली तरी नदी मोजता येते, हे तू विसरलास. एकाच काठीने दोनदा पाहावे. आता मी घाटावर जातो, उभा राहून पायरीकडे बघतो, मान थोडी सरकवतो, पुन्हा बघतो, मग पाऊल टाकतो. पायरी जागेवर आली आहे. लोक म्हणतात मास्तर पारव्यासारखे चालायला लागले. हेही तुझ्या गणितात घाल. आधार म्हणून कावळ्याचे नाव दे.

तेव्हा बोटीची जागा सोडून दे. जूनमध्ये परीक्षा उरकून ये. त्याआधी आलास तर दारातूनच परत पाठवीन. दार कुठे आहे ते मला अजून नीट दिसते.

मायेला अडीच इंचांच्या पायाचे माप नको, ती अशीच राहो.

तुझा दादा

ता. क. फोटोंची जोडी सोबत आहे. तुझ्या दोन भिंगांच्या यंत्रात घातलीस की अंगण, तुळस, रहाट, वहिनी, सारे आपापल्या अंतरावर उभे राहील असे तू लिहिले होतेस. राहील. मी मात्र राहणार नाही. एका डोळ्याला समोर बघताना दिसेन, दुसऱ्याला दाराकडे वळलेला. फोटोवाल्याने कॅमेरा अडीच इंच सरकवला आणि तेवढ्यात बाहेरून यादव डाकवाल्याने हाक मारली. पत्र तुझे नव्हते. फोटोवाला म्हणाला की दुसरी जोडी काढू. वहिनी म्हणाली, राहू द्या, हीच पाठवा.