सतराव्या फेरीनंतरची सोयरीक

हाँगकाँग
२ डिसेंबर १९९३

७८६

प्रिय दोस्त कादिर यास मोहियुद्दीनचा सलाम. वि. वि.

लंडन-बीजिंगची बोलणी सतरा फेऱ्यांनंतर मोडली. सत्त्याण्णवला इथे चीनचा झेंडा लागल्यावरही विधिमंडळात निवडून आलेल्यांच्या जागा राहाव्यात की नाही, यावर घासाघीस होती. आमच्या भागातले सभासद आम्हा हिंदुस्थानी लोकांच्या पासपोर्टासाठी भांडताहेत. त्यांचीच जागा गेली तर आमचं गाऱ्हाणं कोण मांडणार? जहाज सोडून मी इथला झालो, तेव्हा हिंदुस्थानचा पासपोर्ट परत केला. आता इंग्रज देतील तो कागद प्रवासापुरता. त्यावर विलायतेत राहता येत नाही, आणि चीन आम्हाला आपलं म्हणेल असं दिसत नाही.

तुझ्या तल्हाशी माझ्या सादियाची सोयरीक ठरलीय, म्हणून लपवत नाही. हलिमाभाभींनाही वाचून दाखव. त्यांना सांग, पोरगी सोलकढी शिकली, पण तिखट फार करते.

दुवेत आमचीही नावं घेत जा.
मोहियुद्दीन

जुबैल
१४ जानेवारी १९९४

७८६

भाई मोहियुद्दीन यास कादिरचा सलाम. वि. वि.

पत्र हलिमाला वाचून दाखवलं.  ती म्हणाली, की नातवंडं कुठल्या मुलखाची म्हणवतील? मी तिला समजावायला हवं होतं. समजावलं नाही, कारण भीती मलाही होती. इकामा, म्हणजे राहायचा परवाना, संपला की इथे सौदीत माणूस संपतो, हे पंधरा वर्षं बघतोय. तल्हा शिफ्टवरून आला तेव्हा त्याला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, की अब्बा, तुम्ही ठरवाल ते.

सोयरीक मोडतो आहे. मला शिव्या दे, पण पत्र बंद करू नकोस.
कादिर

जुबैल
३ मार्च १९९६

७८६

भाई मोहियुद्दीन, सलाम. वि. वि.

दोन वर्षं तू फक्त ईदचं कार्ड पाठवलंस. तेही मला पुष्कळ वाटलं.

कंपनीत आता सौदी माणसं घ्यायचा हुकूम आहे. तल्हाने आपल्या जागेवर येणाऱ्याला तीन महिने काम शिकवलं. चौथ्या महिन्यात कफीलने, म्हणजे ज्याच्या जामिनावर आम्ही इथे राहतो त्याने, आम्हा बापलेकांच्या हातात फायनल एक्झिट, कायमचं परत जायचा व्हिसा, ठेवला. मुलूख त्यांचा, बोलणार काय? पण त्या दिवशी तल्हा पहिल्यांदा माझ्यावर ओरडला, की कागदापायी सादियाला सोडायला लावलंत, आता कुठे आहे तुमचा कागद? हलिमा आत रडत होती.

सादियाचं कुठे ठरलं नसेल, तर आम्ही हात जोडून पुन्हा विचारतो.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
कादिर

हाँगकाँग
२१ मार्च १९९६

७८६

प्रिय कादिर यास सलाम. वि. वि.

तुझं पत्र मी सादियाच्याच हातात दिलं. गेल्या सप्टेंबरात तिने पहिल्यांदा मत दिलं. आता पासपोर्टासाठी भांडणाऱ्या आमच्या त्याच सभासदांच्या कचेरीत आमच्या लोकांचे अर्ज लिहिते. पुढल्या वर्षी जून संपला की ती जागा रद्द, हे चीनने केव्हाच जाहीर केलंय. तरी रोज जाते.

तिने पत्र दोनदा वाचलं. मग मला विचारलं, की तुम्ही दोघांनी जमवलंत, तुम्हीच मोडलंत, तेव्हा मला कुणी विचारलं होतं का? 

तिचं उत्तर नाही असं आहे. तल्हावर राग नाही म्हणाली. पण ज्याच्या तोंडून तेव्हा शब्द फुटला नाही, त्याच्याबरोबर कुठल्याच मुलखात जायची तिची हिंमत होत नाही.

गावी हर्णैला पोचलास की कळव. मला तिथे यायला आता व्हिसा लागतो. सोयरीक राहून गेली, दोस्ती तेवढी राहू दे.
मोहियुद्दीन